जशी शोरूममधून आली, तशीच!

रेसिंग फार महाग झालंय म्हणता? मग राष्ट्रीय स्पर्धांमधला 'जवळपास स्टँडर्ड' गाड्यांचा गट खास तुमच्यासाठीच आहे. घरचीच गाडी घ्या, आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवा (गाडी उलटलीच तर), हार्नेस म्हणजे रेसिंगचा सीटबेल्ट बांधा. बाकी काही लागत नाही. (शब्द 'जवळपास' आहे. सगळा खेळ त्यातच आहे.)

नियमपुस्तक दोनदा वाचा. एकदा काय लिहिलंय ते बघायला, एकदा काय लिहायचं राहिलंय ते हुडकायला. 'ज्याला स्पष्ट परवानगी नाही ते निषिद्ध' असं एक खवचट वाक्य त्यात बहुधा सापडेलच. ते शेजारच्या गाडीबद्दल आहे.

लाजू नका, घराणं जुनं आहे. 19 जून 1949 रोजी अमेरिकेत शार्लटला नॅस्कार या रेसिंग संस्थेची पहिलीवहिली 'स्ट्रिक्टली स्टॉक', म्हणजे निव्वळ शोरूमच्या गाड्यांची, शर्यत झाली. ग्लेन डनवे 1947च्या फोर्डमधून तीन फेऱ्यांच्या आघाडीने पहिला आला. मग तपासनिसाने गाडीखाली डोकं घातलं, तर मागच्या स्प्रिंगचे पाटे पाचर ठोकून फाकवलेले! चोरटी दारू वाहणाऱ्या गाड्यांची ही जुनी युक्ती. त्याने गाडी वळणावर झोकांड्या खात नाही. डनवे बाद, लिंकन गाडीवाला जिम रोपर विजेता. फोर्डचा मालक दहा हजार डॉलर मागत कोर्टात गेला आणि हरला. शहाण्याने पायरी चढू नये ती हीच.

तेव्हा पाचर मारा, पण वाकून दिसेल अशी नको. टोयोटाच्या रॅली संघाने 1995मध्ये टर्बोचा रेस्ट्रिक्टर (इंजिनात जाणारी हवा मर्यादेत ठेवणारा भाग) असा घडवला, की बसवला की सरकून बाजूने जास्तीची हवा आत घ्यायचा आणि तपासायला काढला की गुपचूप जागेवर यायचा. कारागिरीला तोड नाही. बक्षीस म्हणून वर्षाची बंदी मिळाली.

सरळमार्गी असाल तर हवा तो पार्ट कारखान्यातूनच बसवून घ्या. 'ग्रुप एन' या जवळपास स्टँडर्ड गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय गटासाठी कंपनीला बारा महिन्यांत तशा 5,000 गाड्या काढाव्या लागत. पुढे 2,500वर भागायचं. तेवढा शब्द टाकून बघा.

आणि हरलात तर पुढच्याच्या इंजिनावर लेखी हरकत घ्या. अनामत भरावी लागते. इंजिन उघडून व्हर्नियर (बारीक मापाची पट्टी) लावेपर्यंत तोंड गंभीर ठेवा, कारण सगळं मापात निघालं तर अनामत गेली आणि खोल-जोडणीचं बिलही तुमच्याच नावावर. त्यात तपासनीस जाता जाता तुमचं बॉनेट उघडायला सांगणार.