‘छोट्या शहरात सायकल ट्रॅक कशाला?’ या प्रश्नाला उत्तर

‘छोट्या शहरात सायकल ट्रॅक कशाला? तिथे सायकल चालवतं कोण? रस्ते आधीच अरुंद, त्यात ऊन-पाऊस. हे नेदरलँड्समध्ये ठीक आहे, तिथली संस्कृतीच तशी. बाकी ठिकाणी ही चार हौशी लोकांच्या व्यायामासाठी केलेली उधळपट्टी.’ या आशयाचा मजकूर सतत फिरत असतो आणि शहाणी माणसंही तो पुढे पाठवतात. म्हणून त्यातला एकेक मुद्दा घेतो.

आधी ‘चालवतं कोण?’ भारताच्या २०११ च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योगाबाहेरच्या कामगारांना कामावर कसे जाता, असं विचारलं होतं. सुमारे १३ टक्के सायकलने जात होते. मोटारीने जाणारे ३ टक्केही नव्हते. शाळेला जाणारी मुलं या आकड्यात नाहीतच. हौशी सायकलस्वाराला रस्ता धोक्याचा वाटला तर तो गाडी काढतो किंवा घरी थांबतो. ज्याला रोजचं बसभाडं झेपत नाही, त्याला ही सोय नाही. तो त्याच रस्त्याने, ट्रकला खेटून, रोज जातो. सायकल मार्ग सर्वांत आधी त्याच्यासाठी हवा. सार्वजनिक पैसा मोटारींसाठी खर्च झाला की विकास आणि याच्यासाठी झाला की उधळपट्टी, हा हिशेब मला अन्यायाचा वाटतो.

रस्ते अरुंद आहेत, हे खरंच. पण म्हणूनच कमी जागा खाणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यायला हवी. एका मोटारीच्या पार्किंगमध्ये दहा सायकली मावतात. शिवाय प्रत्येक गल्लीत वेगळा ट्रॅक लागतो, हाच गैरसमज आहे. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन शहराने १९७७ मध्ये आपला मध्यभाग चार भागांत वाटला. एका भागातून दुसऱ्यात मोटारीने थेट जाता येईना, बाहेरच्या रस्त्याने वळसा घालावा लागे; सायकलला सरळ वाट मोकळी राहिली. अशा उपायाला रस्ता रुंद करावा लागत नाही. जिथे एवढंही जमत नाही, तिथे वाहनांचा वेग ताशी ३० किलोमीटरवर आणावा. ताशी ५० च्या वेगातल्या गाडीत त्याच्या पावणेतीन पटींहून अधिक ऊर्जा असते, आणि ती धडकेत माणसाच्या अंगावर येते.

‘संस्कृती’चा मुद्दा तर इतिहासातच टिकत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर नेदरलँड्समध्येही मोटारी वाढल्या आणि सायकली घटत गेल्या. १९७१ मध्ये तिथे रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं मेली, त्यांत ४०० हून अधिक मुलं होती. लोक रस्त्यावर उतरले, १९७३ च्या तेलसंकटाने आणखी रेटा दिला, तेव्हा कुठे धोरण बदललं. अमेरिकेतले पहिले सायकल पट्टे १९६७ मध्ये आखले गेले ते डेव्हिस या विद्यापीठाच्या छोट्या गावात. स्पेनमधलं सेव्हिल मोठं शहर, उन्हाळ्यात पारा चाळिशी गाठतो. सायकलची परंपरा म्हणावी तर २००६ च्या आधी अर्धा टक्का प्रवासही सायकलने होत नव्हता. काही वर्षांत सुमारे ८० किलोमीटरचं सलग जाळं बांधलं आणि हा वाटा सहा टक्क्यांच्या पुढे गेला. उन्हाचा मुद्दाही इथेच निकालात निघतो.

छोट्या शहराची खरी ताकद म्हणजे तिथली अंतरं. चार किलोमीटर जायला सायकलला पंधरा-सोळा मिनिटं पुरतात. तेवढ्याच अंतरात पेट्रोलच्या मोटारीचं इंजिन धड तापतही नाही. धूर शुद्ध करणारं उपकरण पुरेसं गरम झाल्याशिवाय नीट काम करत नाही, त्यामुळे सुरुवातीचे किलोमीटर सर्वांत घाणेरडे असतात. जवळच्या फेऱ्या सायकलवर आल्या तर हवेचा फायदा सर्वाधिक. खर्चाचंही तसंच. रस्त्याची झीज आसावरच्या भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते, म्हणजे भार दुप्पट झाला तर झीज सोळापट. सायकलमुळे होणारी झीज जवळपास शून्य.

एक तक्रार मात्र रास्त आहे: बांधलेले ट्रॅक ओस पडतात. का, ते जागेवर जाऊन पाहावं. पांढरा पट्टा चौकाच्या आधीच संपतो, नेमका तिथे जिथे वळणारी बस सायकलस्वाराला आडवी येते. कडेला पावसाच्या पाण्याची लोखंडी जाळी, तिच्या फटी रस्त्याच्या दिशेने लांबट. पुढचं चाक त्यात बसलं की माणूस तोंडावर आपटतो. तीच जाळी काटकोनात फिरवून बसवली तर हा धोका जातो. तुटक पट्ट्यांवर कोणी येत नाही, म्हणून कोणालाच ते नको आहेत, असा निष्कर्ष काढणं चूक आहे. पहिला निधी नदीकाठच्या देखण्या ट्रॅकवर घालू नये. वस्तीपासून शाळा, दवाखाना आणि स्टेशनापर्यंतच्या वाटेवरचे चौक आधी सुधारावेत, आणि बारा वर्षांची मुलगी एकटी सायकलवरून ते ओलांडू शकते का, हे पाहूनच काम पूर्ण झालं म्हणावं.