पुस्तक जप्त, व्हिडिओ फॉरवर्ड

आज डोकं गरम आहे, आधीच सांगून ठेवते. लांबलचक वाचायचा कंटाळा असेल त्यांनी पुढं सरकावं.

माझ्या नववीतल्या पोरीच्या दप्तरातून आज शाळेत एक पुस्तक काढून घेतलं. इंग्रजी कादंबरी, तिच्या मामानं नागपूरहून आणून दिलेली. एक साधी पोरगी मोबाइलवरच्या एका खेळात ओढली जाते, खेळ तिला एकेक धाडसाचं काम देतो, काम केलं की बक्षीस, आणि हजारो लोक आपापल्या घरी बसून ते लाइव्ह बघतात, अशी गोष्ट. सरांनी मुखपृष्ठ पाहिलं, मागचा मजकूर वाचला आणि पुस्तक गेलं कपाटात. दुपारी पालकांच्या ग्रुपवर मेसेज आला की मुले ब्ल्यू व्हेलसारख्या खेळांची पुस्तके वाचत आहेत, तरी पालकांनी दप्तरे तपासावीत. (ब्ल्यू व्हेल म्हणजे पोरांना एकेक काम देत शेवटी जीव द्यायला लावतो म्हणून गाजलेला तो ऑनलाइन खेळ.) खाली अंगठ्यांची ही रांग. जोडलेले हात वेगळे.

आता गंमत पाहा. त्याच ग्रुपवर, त्या मेसेजच्या जरासं वर, एक व्हिडिओ पडलेला आहे. आपल्याच गावचे दोन पोट्टे धरणाच्या सांडव्याच्या भिंतीवरून चालताहेत, खाली पाणी उसळतंय, आणि शूट करणारा मागून ओरडतोय, "अजून पुढं जाय ना बे, भेला का?" त्याच्याखाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले चेहरे. एका काकांनी लिहिलंय, "वाघ आहे पोट्टा!" हेच काका आता दप्तर तपासणार आहेत.

माझा आतेभाऊ डाव्या पायानं लंगडतो हे माझ्या माहेरच्या सगळ्यांना माहीत आहे. का लंगडतो, हे फार कोणी बोलत नाही. तो तेव्हा दहावीत होता, मी लहान. वरुडकडचं पाणी तुम्हाला सांगायला नको. संत्र्याच्या बगीच्यांसाठी बोअर खोल खोल गेल्या आणि जुन्या विहिरी उन्हाळ्यात नुसत्या नावाला उरल्या. तशाच एका विहिरीच्या काठावर मे महिन्यात ही मंडळी जमली होती. पैज कशाची, तर आलूबोंड्याच्या एका प्लेटीची. काठावर फक्त पोट्टे नव्हते बरं का. चांगली लेकराबाळांची माणसं होती, तोंडात खर्रा, खांद्यावर दुपट्टा. त्यांना खाली पाणी किती आहे ते दिसत होतं. त्यानं उडी मारली. मांडीचं हाड मोडलं ते मोडलंच. बाजेवर टाकून वर काढला तोपर्यंत काठावर घरची माणसं आणि शेजारचा गडी, एवढेच उरले होते. बाकी सगळ्यांना एकाएकी कामं आठवली. आलूबोंडे कोणी दिले नाहीत, हे सांगायलाच नको.

तेव्हा कोणत्या खेळाचं ॲप होतं? कोणती कादंबरी वाचून तो विहिरीवर गेला होता? आमच्या आत्याच्या घरी पंचांग आणि गजानन महाराजांची पोथी सोडून छापील काही नव्हतं.

पोरीनं हे पुस्तक दिवाळीच्या सुट्टीत वाचलं. सेमी इंग्लिशची पोरगी, अडलेले शब्द फोनवर शोधत शोधत. मी संध्याकाळी वाती वळत बसायची आणि ती वाचून मला मराठीत सांगायची, म्हणून मलाही अख्खी गोष्ट ठाऊक आहे. पहिलं काम अगदी किरकोळ असतं, चारचौघांत थोडी फजिती. मग बक्षीस असं येतं की बरोबर तिच्या मनातलं. खेळाला तिच्या मनातलं कसं कळलं? तिनंच आपल्या अकाउंटवर लिहून ठेवलेलं असतं, हे आवडतं, ते हवंय. तिथं माझी पोरगी थांबली आणि उठून गेली. मला वाटलं पाणी प्यायला गेली. ती आपलं प्रोफाइल प्रायव्हेट करून आली. सर, हे तुमच्या सायबर जागृतीच्या भाषणानं झालं नव्हतं. भाषणाच्या वेळी ती मागच्या बाकावर मेंदी काढत होती, तिनंच सांगितलंय.

आणि एका रात्री मला म्हणाली, "आई, हे बघणारे लोक एवढं बघतात, अजून कर अजून कर म्हणतात, अन् शेवटी म्हणतात आम्ही काय केलं?" मला विहिरीचा काठच दिसला.

हो, मान्य, पुस्तक काही फार थोर नाही. शेवटाकडे तर नुसती पळापळ आहे, आणि ती पोरगी जिथं एक फोन करून सुटली असती तिथं करत नाही. थ्रिलर म्हटल्यावर तेवढं चालायचंच.

ब्ल्यू व्हेलचं म्हणाल, तर २०१७ चा तो पावसाळा मला चांगला आठवतो. मुंबईतल्या एका पोराच्या मृत्यूची बातमी आली आणि गावागावात मेसेज फिरायला लागले. पोरांच्या हातावर ब्लेडच्या खुणा आहेत का पाहा, पहाटे उठून गाणी ऐकतात का पाहा. ऑगस्टमध्ये केंद्र सरकारनं गूगल, फेसबुक, व्हॉट्सॲप सगळ्यांना पत्र लिहिलं की या खेळाच्या लिंक काढून टाका. मग समिती बसली. आणि जानेवारी २०१८ मध्ये सरकारनंच लोकसभेत सांगितलं की तपासलेल्या प्रकरणांपैकी एकाही मृत्यूशी या खेळाचा संबंध सिद्ध झालेला नाही. ही दुसरी बातमी तुमच्यापैकी किती जणांना फॉरवर्ड आली होती? मला तर नाही आली. भीती फॉरवर्ड करायला मजा येते, तिचं उत्तर फॉरवर्ड करायला कोणाला वेळ आहे?

याचा अर्थ ऑनलाइन काही धोकाच नाही असं मी म्हणत नाही. आहे. असे चॅलेंज करताना पोरं खरोखर मेलीत, जगभरात. बस, एवढं कबूल केलं, आता पुढं.

आपल्याकडे बघ्यांची काय वाण आहे? तान्ह्या पोळ्याच्या दिवशी आमच्या माहेराहून गाड्या भरभरून पांढुर्ण्याला जायच्या, गोटमार बघायला, म्हणजे दोन गावांनी एकमेकांवर दगड मारायची जत्रा. जांब नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवलेलं, इकडून पांढुर्णा, तिकडून सावरगाव, आणि मधे नुसते दगड. परंपरा आहे, चंडीमातेची श्रद्धा आहे, त्यात मी पडत नाही. पण गच्चीवर बसून चिवडा खात "हाण! हाण!" ओरडणाऱ्यांची कोणती श्रद्धा होती, ते मला अजून कळलेलं नाही. डोकी त्यांची फुटत नव्हती. अप्पर वर्धा धरणाचे दरवाजे उघडले की सिंभोऱ्याला कशी जत्रा लोटते ते पाहा. त्यातला एखादा पाण्याकडे पुढं सरकला की त्याला मागं ओढणारे हात कमी आणि मोबाइल धरलेले हात जास्त.

आतेभावाला मी एकदा विचारलं होतं, मोठी झाल्यावर. पाणी कमी आहे हे तुलाही दिसत होतं, मग उडी काहून मारली? तो दुकानात मापाचे डबे पुसत होता. म्हणाला, "एवढे सारे माह्यासाठी थांबले होते ना. नसती मारली त सारे घरी निघून गेले असते." पंचवीस वर्षं पाय ओढत चालणारा माणूस हे बोलतो. आलूबोंड्यासाठी नाही, दम दाखवायला नाही. कोणीतरी आपल्याकडे बघतंय आणि ते जाऊ नये म्हणून. पंधरा वर्षांच्या पोराला दुसरं काय हवं असतं हो? त्या कादंबरीतल्या पोरीलाही तेच हवं असतं. आणि सांडव्यावरच्या त्या दोघांनाही.

इथवर लिहिताना सरांवरचा राग थोडा उतरला, खोटं कशाला बोलू. त्यांचा मला फोन आला होता संध्याकाळी. "ताई, उद्या काही झालं तर पेपरात शाळेचं नाव येईल, माझं येईल." वर्गात साठ पोरं, वरून रोज एक नवीन परिपत्रक, माणूस घाबरणारच. वाईट माणूस नाही. पोरीच्या मागच्या आजारपणात वह्या घरी आणून दिल्या होत्या त्यांनी. मी त्यांना एवढंच म्हटलं की पुस्तक आधी तुम्ही वाचा, मग ठरवा, आणि जमलं तर शनिवारच्या तासाला पोरांना त्यातलं वाचून दाखवा. पाहतो म्हणाले. इंग्रजी आहे ना, म्हणाले. म्हटलं माझी पोरगी सांगेल मराठीत, तिला सवय आहे.

पण ग्रुपवरचा राग काही उतरत नाही. आत्ता हे लिहिता लिहिता पुन्हा पाहिलं, त्या सांडव्याच्या व्हिडिओवर अजून तीन हसरे चेहरे वाढलेत. "पार्ट टू टाक रे" असंही कोणीतरी लिहिलंय. मोठा माणूस आहे लिहिणारा, सोसायटीच्या निवडणुकीला उभा होता. एकानं तरी विचारलं का की पोट्टे घरी पोचले का?

त्यातल्या पुढच्या पोट्ट्याची आई आपल्याच गल्लीत राहते. तिच्याकडे साधा बटणाचा फोन आहे, ती कोणत्याच ग्रुपवर नाही. म्हणजे पोरगा भिंतीवर चालला हे अख्ख्या गावाला माहीत आहे, तिला सोडून. मी चालले तिच्याकडे. काकांना जे बोलायचं असेल ते त्यांनी इथं खाली लिहावं, आल्यावर उत्तर देते.