रिटर्न भरलं नव्हतं, म्हणून हक्क बुडत नाही

अपघातात गेलेल्या दाजींच्या दहाव्याचं आटोपून घाटावरून घरी आलो आणि ताईच्या दिरांनी मोबाईलवरचा एक मेसेज मोठ्यानं वाचला. अपघातात गेलेल्या माणसानं सलग ३ वर्षं इन्कम टॅक्स रिटर्न भरलं असेल, तर सरासरी वार्षिक उत्पन्नाच्या १० पट रक्कम सरकारला द्यावीच लागते. मोटार वाहन कायदा, कलम १६६. माहिती नसल्यानं कुणी मागत नाही, पुढे पाठवा. वाचून झाल्यावर ते म्हणाले, "दादानं कुठं भरल्यात रिटर्न? सोडा मग." ताईनं मान हलवली आणि विषय मिटला.

दुखवट्याच्या घरात गप्प बसलो. आता नाही बसत.

सरकारचा इथं संबंध काय? कलम १६६ म्हणजे मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे करायचा अर्ज. ज्या वाहनाची चूक, त्याचा विमा भरपाई देतो. विमा नसेल तर ते चालक-मालकावर येतं. म्हणून चूक कुणाची हे दाखवावं लागतं, आणि आपल्या माणसाचीही निघाली तर तेवढा हिस्सा कापतात. तासगाव रस्त्यावर रात्री दिवा ना रिफ्लेक्टर अशी उसाची ट्रॉली उभी होती, हे पंचनाम्यात आलंय का, ते आधी बघा.

"१० पट" तर निव्वळ थाप. वर्षाच्या उत्पन्नाला ज्या आकड्यानं गुणतात तो गुणक, आणि तो वयावर ठरतो. सुप्रीम कोर्टानं २००९ मध्ये सरला वर्मा खटल्यात तक्ता घालून दिला आणि २०१७ मध्ये प्रणय सेठी खटल्यात पाच न्यायमूर्तींनी तो कायम ठेवला. पंचविशीपर्यंत १८, साठीनंतर ७, पासष्टीनंतर ५. दाजी ३८ वर्षांचे, म्हणजे १५. त्यांच्या मेहनतीचे महिन्याला १५,००० धरले, तर वर्षाचे १,८०,०००. स्वतःचं काम करणारा चाळिशीच्या आतला, म्हणून पुढच्या वाढीचे ४० टक्के मिळवून २,५२,०००. ताई, दोन पोरं आणि सासूबाई असे चौघं अवलंबून, म्हणून दाजींच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा. राहिले १,८९,०००. गुणिले १५, म्हणजे २८,३५,०००. मेसेजच्या हिशेबानं १८ लाख. म्हणजे फुशारकी मारूनही कमीच!

रिटर्न असलं तर उत्पन्नाचा पुरावा भक्कम होतो, एवढं खरं. पण शेतीच्या उत्पन्नावर आयकरच नाही. द्राक्षबागायतदार रिटर्न भरणार कशाचं? सातबारा, बेदाण्याच्या सौद्याच्या पट्ट्या, दूध डेअरीची बिलं, बँकेचं पासबुक चालतं. काहीच नसेल तर किमान वेतन धरून हिशेब होतो. जमीन घरातच राहते, म्हणून बागेचं सगळं उत्पन्न मात्र धरत नाहीत. कसणाऱ्याच्या कष्टाची आणि देखरेखीची किंमत धरतात. वकिलाकडे जाताना हे डोक्यात ठेवा.

सरकार देतं ते वेगळं. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत मृत्यूला २ लाख आहेत, अर्ज कृषी कार्यालयात. धडक देऊन वाहन पळालं आणि सापडलंच नाही, तर केंद्राच्या योजनेतून २ लाख. दोन्हीकडे रिटर्न कुणी विचारत नाही.

न्यायाधिकरणात अर्जाला ६ महिन्यांची मुदत १ एप्रिल २०२२ पासून परत आली आहे. तिला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर बसायचं नाही. "सोडा मग" म्हणणाऱ्यांचे ६ महिने कधी सरतात, कळतसुद्धा नाही.

काल ताईनं ट्रंक उघडली. दाजींनी चार वर्षांच्या पट्ट्या सुतळीनं बांधून ठेवलेल्या निघाल्या. सोमवारी त्या घेऊन सांगलीला वकिलाकडे जातोय. दिरांनाही बरोबर यायला सांगितलंय.