हजेरीची सही, होकाराची सही

"मत दिलंत ना? मग झाली की संमती. आता कशाला बोंबलताय?" गावच्या ग्रुपवर आज सकाळी एका शिकल्यासवरल्या चाकरमान्याने प्रकल्पाला विरोध करणाऱ्यांना उद्देशून हे टाकलंय. खाली अंगठ्यांची रांग. डोकंच फिरलं.

आमच्या काकीचा किस्सा तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे. देवगडकडे सड्यावरच्या (कातळाच्या पठारावरच्या) जमिनीसाठी ग्रामसभा होती, रजिस्टर फिरलं, तिने सही केली. मागाहून कळलं, तीच पानं प्रकल्पाला पाठिंब्याच्या ठरावामागे टाचलीत. काकी एवढंच म्हणाली, "मी हजेरीची सय केलंय, होकाराची नाय."

कॉलेजात जॉन लॉक हा इंग्रज तत्त्वज्ञ होता आम्हाला (गाईडमधून, खोटं कशाला बोलू). १६८९ साली त्याने छापलं की जीव, स्वातंत्र्य, मालमत्ता हे हक्क राजाने दिलेले नाहीत, आणि सरकार उभं राहतं ते लोकांच्या संमतीवर. पण पळवाटही त्यानेच ठेवली. राज्याच्या रस्त्यावरून नुसतं चाललात तरी तुमची मूक संमती! डेव्हिड ह्यूम या दुसऱ्या तत्त्वज्ञाने १७४८ मध्ये बरोब्बर पकडलं त्याला. झोपेत उचलून जहाजावर आणलेला माणूस जहाजावर राहिला, म्हणजे कप्तानाला होकार दिला का? उतरायचं तर समुद्रात. काकीने कुठे उतरायचं, सांगा.

बरं, एकेकाच्या होकारासाठी थांबलं तर एक साकव (ओढ्यावरचा छोटा पूल) व्हायचा नाही. लॉकही शेवटी बहुमतावर, प्रतिनिधींवर येतोच. घ्या, मान्य.

मग २०१३ च्या भूसंपादन कायद्यात खासगी कंपनीसाठी ८० टक्के आणि सरकार-खासगी भागीदारीच्या प्रकल्पासाठी ७० टक्के बाधित कुटुंबांची आधी संमती कशाला घातली? मत दिल्यावर सगळं मिटत होतं ना? सरकारच्या स्वतःच्या प्रकल्पाला तर तीही अट नाही. आणि मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीनेच गेला. उरलंय काय, तर काकीची सही. तीही चोरायची?

लिहिता लिहिता त्या चाकरमान्यावरचा राग जरा उतरला. गावात रोजगार यावा असं वाटणं काही गुन्हा नाही, माझाही मुलगा पुण्यालाच आहे. प्रकल्प हवा तर उघड हवा म्हणा, भांडू आपण. पण स्वतःच्या नावाने म्हणा.

येत्या ग्रामसभेत ठराव मोठ्याने वाचायला लावा, मगच पेन उचला. इतिवृत्ताची नक्कल मागा. दिली नाही तर मेसेज करा, अर्ज मी लिहून देतो.