पाडण्याआधी उतरवा

आमच्या पार्ल्याच्या सोसायटीचा पुनर्विकास ठरला त्या सभेत एका सभासदाने अशी सूचना मांडली की, इमारत पाडण्यापूर्वी घराघरांतील सागवानी दारे, खिडक्या, कडाप्पाच्या फळ्या आणि धड असलेली बेसिने काढून एखाद्या गरजू शाळेला द्यावीत. ‘हे परदेशी चोचले आहेत आणि दुसऱ्याची जुनी दारे लावण्याइतके कोणी भिकेला लागलेले नाही’, या उत्तराने ती सूचना निकालात निघाली. मी अमेरिकेत पोर्टलंडमध्ये राहतो, त्यामुळे सभेला नव्हतो. पण इतिवृत्त वाचल्यापासून ते उत्तर मला डाचते आहे, कारण त्यातली दोन्ही विधाने खरी नाहीत.

वाडे आणि चाळी पाडल्या गेल्या तेव्हा त्यांचे खांब, तुळया आणि ब्रह्मी सागाचे वासे जुन्या बाजारात विकले गेले, आणि ते घेणारे भिकेला लागलेले नव्हते. पाडकामाचा ठेकेदार आजही अशा मालाची किंमत मनाशी धरूनच दर सांगतो. सामानाला मोल आहे हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. ते कोणाच्या हाती जावे, याचा विचार मात्र आपण ठेकेदारावर सोडून मोकळे होतो.

उलट येथे त्यासाठी कायदा करावा लागला. १९१६ पर्यंत बांधलेली घरे यंत्राने न पाडता हाताने सुटी करण्याची सक्ती पोर्टलंडने ऑक्टोबर २०१६ पासून केली आणि २०२० मध्ये ती मर्यादा १९४० पर्यंत वाढवली. असे सामान धर्मादाय संस्थेला देणाऱ्याला करात वजावट मिळू शकते. ती पाच हजार डॉलरच्या वर गेली की स्वतंत्र मूल्यांककाचा अहवाल लागतो. त्यामुळे येथील माणसे जात्याच उदार आहेत, असे मी म्हणणार नाही. पण माझ्या स्वयंपाकघरातील कपाटे रीस्टोअर या घरांचे जुने सामान विकणाऱ्या दुकानातून आणलेली आहेत आणि त्यांतल्या एकाची मागची कड कोणीतरी आपल्या भिंतीच्या उंचसखलपणाप्रमाणे रंधून घेतलेली आहे. माझ्या भिंतीशी ती जुळत नव्हती, म्हणून मी फटीवर लाकडी पट्टी मारली. त्यात मला कधी कमीपणा वाटला नाही.

अडचण आहे ती कामाच्या रीतीत, आणि तिच्यावर सभेत कोणी बोलले नाही. येथील कपाटे भिंतीतल्या लाकडी सांगाड्याला स्क्रूने धरलेली असतात, त्यामुळे ती सहज सुटतात. आपल्याकडे दाराची चौकट होल्डफास्टने, म्हणजे लोखंडी पट्ट्यांनी, विटांत आणि सिमेंटमध्ये बसवलेली असते. ती काढायची तर भिंत फोडावी लागते, आणि मसाल्यात बसवलेली फरशी तर बहुधा तुटूनच निघते. म्हणून चौकटीचा आणि फरशीचा हट्ट सोडावा. दाराच्या फळ्या बिजागऱ्यांचे स्क्रू सैल करून उतरवता येतात. ग्रिल, कडाप्पा, नळ आणि पितळी कड्या धडपणे निघतात. २०१६ च्या केंद्रीय नियमांनी मोठ्या पाडकामात लाकूड, पोलाद, काँक्रीट यांचे ढीग वेगळे करणे बंधनकारक केले. पण चिरफळ्या झालेले दारही त्या ढिगात लाकूडच ठरते.

हे उतरवायला घरे रिकामी झाल्यावर थोडे दिवस लागतात, आणि बिल्डरला सभासदांचे भाडे भरावे लागत असल्याने प्रत्येक दिवस त्याला महाग पडतो. म्हणून ही गोष्ट सद्भावनेवर न सोडता विकास करारातच लिहिली पाहिजे. चोचले म्हणून हिणवणाऱ्यांनी निदान एवढा हिशेब मांडायला हवा होता.

मला त्या जुन्या इमारतीचा जिना रोज चढावा लागत नाही आणि वृद्ध आईवडिलांना घेऊन भाड्याच्या घरात जायचे नाही. आमचे घर बंदच आहे. जे तेथे राहतात त्यांना माझे म्हणणे दुरून दिलेला उपदेश वाटेल, हे मी समजू शकतो. नव्या इमारतीतील फ्लॅट माझ्या नावावर होईल, पण तेथे मी पाहुणाच असेन. आईने वर्षानुवर्षे उघडलेले दार एखाद्या शाळेत लागले, तर त्या गावात आपले काही वापरात आहे एवढे तरी मला म्हणता येईल, ही इच्छा माझ्या आग्रहामागे आहे. म्हणून करारात घालण्याचा मजकूर मी चुलतभावाकडे पाठवला आहे: घरे रिकामी झाल्यावर सामान उतरवण्यासाठी पंधरा दिवस द्यावेत, आणि त्या दिवसांचे भाडे माझ्यासारख्या बंद घरांच्या मालकांनी बिल्डरकडून घेऊ नये.