चार अज्ञातं, चार समीकरणं: ही ट्रिक सोडा

डेटा सफिशियन्सीच्या प्रश्नांत उत्तर काढायचं नसतं, दिलेली विधानं उत्तर काढायला पुरेशी आहेत का एवढंच सांगायचं असतं. त्यांची तयारी करणाऱ्यांमध्ये एक ट्रिक सतत फिरत असते. दोन गट एकमेकांत मिसळले की चार कप्पे होतात: फक्त पहिला, फक्त दुसरा, दोन्ही आणि एकही नाही. म्हणजे चार अज्ञातं. समीकरणं चार झाली की माहिती पुरेशी, कमी पडली की अपुरी. एमबीएच्या प्रवेशासाठीची जीमॅट असो वा बँकेची परीक्षा, मुलं हे पाठ करून जातात आणि हातातले मार्क घालवतात, याचं मला फार वाईट वाटतं.

आधी 'चार झाली की पुरेशी' हे बघू. वाचनालयाचे 80 सभासद, त्यातले 50 जण मराठी पुस्तकं नेतात. मराठी आणि इंग्रजी दोन्ही नेणारे किती? विधान 1: 30 जण मराठी नेत नाहीत. विधान 2: 45 जण इंग्रजी नेतात. एका मुलीच्या वहीत हे गणित पाहिलं. चार समीकरणं एकाखाली एक, शेवटी 'पुरेशी' आणि त्याखाली दोन रेघा. पण 80 मधून 50 गेले की 30 उरणारच. विधान 1 मध्ये नवं काहीच नाही. तिला म्हटलं, 'दोन्ही'च्या कप्प्यात 15 घालून बघ. जमलं. आता 45 घाल. तेही जमलं. मग तिनेच त्या रेघा खोडल्या.

'कमी पडली की अपुरी' हे तर त्याहून घातक, कारण इथे मुलं उत्तर समोर असताना पुढे जातात. क्रिकेट खेळणारे कबड्डी खेळणाऱ्यांपेक्षा कितीने जास्त? विधान 1 एवढंच सांगतं की फक्त क्रिकेट खेळणारे फक्त कबड्डी खेळणाऱ्यांपेक्षा 7 ने जास्त आहेत. एकच समीकरण, एकूण मुलं किती तेही माहीत नाही. तरी उत्तर 7. दोन्ही खेळणारे दोन्हीकडे मोजले जातात, म्हणून वजाबाकीत उडून जातात. प्रश्नाने चारही कप्पे मागितलेलेच नव्हते, फरक मागितला होता.

हो-नाहीच्या प्रश्नात तर आकडाही लागत नाही. ऑफिसात 40 माणसं, 25 जण चहा घेतात. चहा-कॉफी दोन्ही घेणारं कुणी आहे का? कॉफी घेणारे 18, एवढं कळलं की पुरे. 25 आणि 18 मिळून 43. किमान 3 माणसं दोन्हीकडे असणारच. नेमकी किती ते कळत नाही, आणि कुणी विचारलेलंही नाही.

टक्केवारीचंही तेच: 60 टक्के चहावाले आणि त्यातले 25 टक्के कॉफीही घेणारे म्हटलं की दोन्ही घेणारे 15 टक्के, एकूण संख्या कितीही असो. शिवाय माणसं अर्धी-पाव नसतात. वर्गात 50 पेक्षा कमी मुलं, त्यातली 2/5 नाचतात, 3/7 गातात. म्हणजे पट 35 च.

'परीक्षेत एवढा विचार करायला वेळ कुठे?' असं मुलं विचारतात. जीमॅटमध्ये हे प्रश्न ज्यात येतात त्या डेटा इनसाइट्स विभागात 20 प्रश्नांना 45 मिनिटं असतात, म्हणजे प्रश्नामागे सव्वादोन मिनिटं. वाचनालयाच्या गणितात 15 आणि 45 घालून बघायला त्या मुलीला अर्धं मिनिटही लागलं नव्हतं. चार समीकरणं सुवाच्य अक्षरात मांडण्यातच तिचा जास्त वेळ गेला होता.