जन्मतारखेपेक्षा चाल बघा

"पंच्याहत्तरीनंतर कॅन्सरच्या मोठ्या ऑपरेशनचा दहादा विचार करावा" हे म्हाताऱ्या माणसांच्या कॅन्सर-ऑपरेशनवरच्या एका लेखात वाचलेलं वाक्य अर्धवट आहे. विचार जरूर करावा, पण तो जन्मतारखेवरून नाही, अंगातल्या ताकदीवरून. वृद्धांच्या डॉक्टर लिंडा फ्राइड आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये मांडलेले अशक्तपणाचे निकष अगदी साधे आहेत: नकळत घटलेलं वजन, सततचा थकवा, हाताची सैल पकड, मंदावलेली चाल, कमी झालेली हालचाल. यातले 3 किंवा जास्त असले की माणूस 'फ्रेल', म्हणजे अंगातली ताकद ओसरलेला. खुर्चीतून उठून 3 मीटर जाऊन परत येऊन बसायला किती वेळ लागतो, एवढं घड्याळ लावून पाहिलं तरी पुष्कळ कळतं. ना मशीन, ना सुई.

माझ्या वडिलांच्या आतड्याच्या ऑपरेशनआधी एको, रक्त, एक्स-रे सगळं झालं. खुर्चीचे हात धरल्याशिवाय ते उठत नाहीत, हे मात्र कुणी टिपलं नाही. गाठ स्वच्छ निघाली, कागदावर ऑपरेशन यशस्वी. पण दुसऱ्याच रात्री त्यांना भ्रम झाला, सलाईनची नळी ओढायला लागले, आईला ओळखेनात. त्यातून सावरले, तरी आधी स्वतः अंघोळ करणाऱ्या माणसाला नंतर कायम कुणीतरी लागायला लागलं. लेखात पाच वर्षं जगण्याची टक्केवारी आहे, पण असं परावलंबी होण्याचा उल्लेखही नाही. आणि म्हाताऱ्या माणसाला पहिली धास्ती असते ती याचीच! ऑपरेशनला दोन-चार आठवडे अवकाश असेल तर रोजचं चालणं, प्रथिनं, श्वासाचे व्यायाम एवढी तयारी करून घेता येते. गाठ थांबायला तयार नसेल तर गोष्ट वेगळी, पण मग किमान असं होऊ शकतं हे घरच्यांना आधी सांगा तरी.